बाण पडणार तिथे उभे असलेले परब

एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच नाही. भिकाजी परबांची गिरणीतली नोकरी माझ्यामुळे गेली. लोकांना वेगळं कारण ठाऊक आहे. ते कारण लोकांना परबांनीच दिलं आणि मी ते देऊ दिलं. याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. माझे केस पिकले, पेन्शनीची भाषा घरात सुरू झाली, आणि आमच्या इमारतीत मी सरळ माणूस म्हणून ओळखला जातो. कुणी तसं तोंडावर म्हटलं की मी विषय बदलतो.

पण परब आठवले की आधी हसू येतं. बाकीचं नंतर. त्याच क्रमाने लिहितो.

लालबागच्या एका गिरणीत परब वर्कशॉपात टर्नर होते आणि मी टाइम ऑफिसात कारकून. वडील गेल्यावर आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर आल्या होत्या. मी चोवीस वर्षांचा, दादरहून चालत येणारा, इस्त्रीचा शर्ट जपणारा. कामगार आमच्या खिडकीशी यायचे ते हजेरीची तक्रार घेऊन. परब पहिल्यांदा आले ते वेगळ्याच कामासाठी. रशियाने आकाशात चंद्र सोडल्याची बातमी तेव्हा ताजी होती. चाळीचाळींच्या गच्च्यांवर माणसं माना वर करून उभी राहायची आणि कुठलाही तारा दिसला की "तोच, तोच" म्हणून ओरडायची. परब खिडकीत वाकले. बुटका, काटक माणूस, कानावर पेन्सिल, बगलेत छत्री.

"टायमकीपर, तुमी इंग्रजी पेपर वाचतास ना? तो चंद्र खाली खय पडतलो, ता छापलाहा काय?"

मी पेपर उलटापालटा केला. किती उंच, किती वेगाने, किती वजनाचा, सगळं होतं. ते मात्र नव्हतं.

"नाही हो."

"मगे छापल्यानी काय?" असं म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी परत आले. माझ्या टेबलावर सेकंद मोजायचं घड्याळ असे, त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या चालवूक येता मां? रविवारी मोकळे असास तर शिवडीक येवा. आकडे मोजूक एक माणूस व्हयो."

असा मी त्यांच्या बाणांच्या नादाला लागलो.

परब हौसेने अग्निबाण करत. दिवाळीतला बाटलीत उभा करायचा बाण नव्हे. हातभर लांबीची कागदी नळी, तिच्या तळाशी दारू, टोकाला लेथवर कातलेली लाकडी टोपी आणि पोटात घडी घालून बसवलेली मलमलीची छत्री. बाण वर गेला की टोपी उडायची, छत्री उघडायची आणि नळी हलत-डुलत खाली यायची. नळी जुन्या वर्तमानपत्रांची, चिकटवायला गिरणीत सुताला लावतात ती खळ, छत्रीला कापडखात्यातल्या चिंध्या. दारू मात्र ते स्वतः कधी भरत नसत. शोभेची दारू करणारा एक म्हातारा कारागीर त्यांच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून भरून आणत. "जेचा काम तेना करूचा," एवढंच म्हणत.

किती उंच गेला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एकदा बाण इतका वर गेला की आम्हांला दिसेनासा झाला. मी टाळ्या पिटल्या. परब म्हणाले, "वर जाताना सगळे बघतत. खाली येताना कोण बघता?" मी म्हटलं, एवढी काळजी कसली, मोकळं आभाळ आहे. तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "मुंबईत आभाळ रिकामा असा. जमीन खय रिकामी असा?"

करी रोडला ज्या चाळीत ते राहत, तिच्या एकेका खोलीत आठ-आठ दहा-दहा माणसं होती, तेव्हा त्यांना हे कुणी शिकवायला नको होतं. त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ते छत्र्यांची परीक्षा घेत. खालच्या अंगणात खडूने वर्तुळ काढायचं, छत्रीला बटाटा बांधायचा आणि सोडायचा. मी खाली वर्तुळाशी घड्याळ घेऊन. बटाटा वर्तुळात पडला तर ठीक. नाही तर नळावरच्या बायका सोडत नसत.

"परबानूं, बटाट्यांची भाजी करा मरे! आमच्या डोक्यार बाजार कित्या मांडलास?"

"भाजी करूक तुमच्याच घरात पाठवतंय, थांबा!"

"मगे कांदेव सोडा दोन!"

पहिल्या छत्र्यांना बांधलेला बटाटा घड्याळाच्या लंबकासारखा झोके खायचा आणि कुठेही जायचा. परबांनी कात्री घेतली आणि छत्रीच्या मधोमध एका आण्याच्या नाण्याएवढं भोक पाडलं. सगळी चाळ हसली. भोक पडलेली छत्री कशाला उपयोगाची? तिसऱ्या मजल्यावरून बटाटा शहाण्यासारखा सरळ खाली आला. परब गॅलरीतून ओरडून म्हणाले, "वारो कोंडलो की माणूसव थरथरता. तेका जावक वाट व्हयी!" पुढे मला संसारात आणि ऑफिसात या भोकाचा फार उपयोग झाला. कोंडलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, त्याला थोडी वाट द्यायची, हे मी परबांच्या बटाट्याकडून शिकलो.

शिवडीची खाडी हे त्यांचं मैदान. कोकणातल्या माणसासारखं त्यांना भरती-ओहोटीचं गणित पाठ होतं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. तेरस असली की पावणेदहाला भरती, म्हणजे चारच्या सुमाराला ओहोटी आणि खाडीचा चिखल उघडा. त्या चिखलात माणूस नाही, झोपडं नाही, सुकं गवत नाही. बाण पडायला मुंबईत त्याच्याइतकी निर्धोक जागा नव्हती. अडचण एकच. आम्ही ज्या काठावरून बाण सोडत असू त्याच्या मागच्या बाजूला, रे रोडच्या अंगाला, लाकडाच्या वखारी होत्या.

एका जुन्या पाटावर त्यांनी उभी सळई बसवली होती. बाण त्या सळईवरून सरकत वर जायचा. सळईला मागेपुढे कलता यावं म्हणून शेजारी लाकडी कमान, आणि तिला खाचा. मधली खाच म्हणजे सळई सरळ उभी. आधी परब खिशातून गिरणीच्या रुईचा पिंजलेला बोळा काढत, छातीच्या उंचीवरून सोडत आणि तो कुठे पडतो तिथवर पावलं मोजत. मग बांबूच्या टोकावरून दुसरा बोळा. मग डोळे मिटून थोडा वेळ उभे. मग सळई एक खाच, दोन खाचा इकडे किंवा तिकडे.

त्यातला एक नियम मला फार उलटा वाटे. दुपारी वारा शहराकडून खाडीकडे वाहायचा. मला वाटायचं, मग सळई शहराकडे कलवावी, म्हणजे वारा बाणाला खाडीकडे आणून सोडील. परब नेमके सळई खाडीकडे कलवत. "बाण म्हणजे पान न्हय," ते सांगत. "शेपटीक पंख असत तेका. दारू जळता तवसर तो वाऱ्याच्या तोंडार जाता, वारो दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यासारखो. छत्री उघडली की मगे वाऱ्याच्या पाठीर. म्हणान आधीच तेका खाडीकडे वाकवूचो. तो वाऱ्याकडे वळत वळत सरळ होता." हे मी ऐकलं होतं. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा ऐकलं होतं.

आणि त्यांचा शेवटचा नियम. सळई लावून झाली की ते वात पेटवायला थांबत नसत. वात मी पेटवायची. ते लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात तीनशे पावलं चालत जात आणि बाण जिथे पडायला हवा तिथे जाऊन उभे राहत. तिथून लाल रुमाल हलवला की मी वात लावायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "परबमामा, अहो डोक्यात पडेल."

"जेना सोडलो तेच्याच डोक्यार पडूक व्हयो," ते म्हणाले. "मगे हात बरोबर चलता."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. लालबाग-परळ धुमसत होतं. चाळीचाळीतून सभा, मोर्चे, घोषणा. परबही मोर्च्यात जात, मागच्या रांगेत, छत्री घेऊन. एकदा वर्कशॉपातले तिघे-चौघे तापलेले तरुण त्यांच्याकडे आले. विरुद्ध पक्षाची सभा होणार होती. "परबमामा, एक बाण त्यांच्या मंडपात उतरवा. तुम्ही चिखलात ठरल्या जागेपासून पाच पावलांवर पाडता. मंडप तर केवढा मोठा!"

परबांनी लेथ बंद केला. "मंडपात कोण बसतला?"

"तेच सगळे. गद्दार."

"आणि चाय देणारो? सतरंजी घालणारो? पोर घेऊन बसलेली बाई? बाणाक माणूस वळखूक येत नाय रे बाबा."

"म्हणजे तुम्ही घाबरता."

"घाबरतंय तर. म्हणानच पाच पावलांवर पडता."

मुलं चिडून गेली. पण परबांना त्यांचं वाईट वाटलं असावं. आठवड्याने त्यांनीच त्यांना बोलावलं. छत्रीच्या जागी बाणाच्या पोटात पातळ कागदाची पत्रकं भरली, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं छापलेली, आणि वर छोटी छत्री नळीपुरती. पहिली पाळी सुटायच्या वेळी गिरणीच्या भिंतीमागच्या ओसाड जागेतून मी वात लावली. परब आत, अंगणातल्या हौदाशी उभे. पत्रकं आभाळात उधळली आणि सुटलेल्या पाळीच्या डोक्यांवर, खांद्यांवर सावकाश उतरली. केसांना रुई लागलेली माणसं, त्या रुईला अडकलेली पत्रकं. केवढी आरोळी उठली! मी भिंतीवरून पाहत होतो. सगळे वर बघून नाचत होते आणि परब खाली मान घालून हौदापासून रिकाम्या नळीपर्यंत पावलं मोजत होते. संध्याकाळी भेटले ते नाराजच.

"आठ पावला चुकलंय."

आता ती तेरस.

आमच्या हेडक्लार्कांच्या कानावर बाणांची कीर्ती गेली होती. त्यांनी मला विचारलं, "आम्हांला दाखवणार का नाही?" माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. मी परबांना न विचारता त्यांना रविवारी शिवडीला बोलावलं. परबांना ते आवडलं नाही, तरी ते पाट घेऊन आले. हेडक्लार्कांना वखारीच्या बाजूला सावलीत बसवलं. रुईचे बोळे सोडले. वारा बऱ्यापैकी होता. सळई खाडीकडे दोन खाचा कलवली आणि परब चिखलात चालू लागले.

ते पोचायच्या आत वारा आणखी वाढला. हेडक्लार्क उठून माझ्याशेजारी आले.

"काय हो, हे तर समुद्रात जाणार. आम्हांला दिसणार काय, कपाळ? आम्ही आलो कशाला?"

"साहेब, खाली येताना दिसेल."

"तीनशे पावलांवर? दुर्बीण आणली आहे का?" ते हसले. "तुम्ही नुसतेच वात लावता, नाही? अक्कल सगळी त्यांची."

एवढंच बोलले. दुष्टपणाने नव्हे, सहज. मला माझी अक्कल दाखवायची होती. सळई मी शहराकडे कलवली. मधल्या खाचेपलीकडे एक खाच. मनात माझं जुनं शहाणपण, की वारा आणून सोडील, आणि छत्री साहेबांच्या पायाशी उतरेल. दूर चिखलात लाल रुमाल हलला. मी वात लावली.

बाण सुटला आणि कोंबड्यासारखा वाऱ्याच्या तोंडावर वळला. वर गेलाच नाही. आडवा, आमच्या डोक्यांवरून, धूर सोडत वखारीच्या कुंपणापलीकडे गेला. छत्री उघडली तेव्हा तो ओंडक्यांच्या राशीत शिरला होता. खाली सालपटं आणि भुसा. क्षणभर काही नाही. मग पांढरा धूर, मग ज्वाळा.

परब चिखलातून धावत आले. तसा धावणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. चिखल पाय ओढत होता आणि ते दोन्ही हातांनी हवा ढकलत असल्यासारखे येत होते. पाटाशी पोचल्यावर ते वाकले. खाच पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. एका हाताने सळई उचलून पुन्हा खाडीकडच्या दोन खाचांवर टाकली आणि तसेच कुंपण चढून आत गेले.

वखारीतल्या माणसांनी बालद्यांनी आग आटोक्यात आणली. ओंडके वाचले. राखणदाराचं गोणपाटाचं खोपटं मात्र जळालं, आणि आपली ट्रंक ओढून काढताना त्या म्हाताऱ्याचा उजवा हात भाजला. परबांनी त्याला बाहेर आणून बसवलं आणि स्वतःच्या शर्टाने हात झाकला. हेडक्लार्क तोवर दिसेनासे झाले होते.

पोलीस आले. त्या दिवसांत कुठे फटाका वाजला तरी पोलीस येत. फौजदाराने जळकी नळी काठीने उलथली. नळीवर चळवळीच्या बातम्या छापलेल्या.

"हा कसला बॉम्ब?"

"बॉम्ब न्हय सायब. बाण. माझोच."

"पेटवला कुणी? नेम कुणी धरला?"

मी चार हात अंतरावर उभा होतो. माझ्या हातात अजून घड्याळ होतं, ते चालूच होतं.

"नेम मियांच धरलंय," परब म्हणाले. "ह्ये टायमकीपर. वेळ मोजूक मियां बोलावलेले. तेंका काय म्हायत नाय. मी चुकलंय."

मी तोंड उघडलं नाही. एवढंच माझं पाप आहे, आणि ते सांगायला एक वाक्य पुरतं.

परब दोन दिवस कोठडीत होते. बॉम्ब नाही हे दारूवाल्या म्हाताऱ्याने येऊन पटवून दिल्यावर सुटले. पण गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. सुटल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेलो. खरं सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना काशीवहिनी म्हणत असू, चहा ठेवला आणि त्या स्टोपाशी बसून बोलत राहिल्या. "इतकी वर्सा सांगतंय, ह्यो खेळ बंद करा म्हणान. आपल्याक सगळा कळता असा वाटता ह्यांका. चुकले मगे शेवटी. त्या म्हाताऱ्याचो हात जळलो. मी तेका बघूक जाऊन इलंय."

परब हसून म्हणाले, "चुकलंय खरा."

वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या. मी म्हटलं, "परबमामा, मी…"

"चाय घेवा. थंड होता."

"नाही, ऐका तरी…"

"टायमकीपर," त्यांनी आवाज खाली घेतला, "माका लेथ खयव गावतलो. तुमका खुर्ची परत गावाची नाय. आवस असा, भयणी असत. घेवा चाय." एवढ्यात वहिनी आल्या.

मी चहा प्यालो. आपण त्या रविवारी तिथे होतो हे हेडक्लार्कांनाही कुणाला कळू द्यायचं नव्हतं. बढती झाली. एका बहिणीचं लग्न त्या बढतीवर झालं, दुसरीचं शिक्षण. माझं सगळं घर त्या चहाच्या कपावर उभं आहे, हे मी आज कबूल करतो.

लेथ त्यांना मिळाला नाही. 'बॉम्बवाला' हे नाव त्यांच्या पुढे पोचायचं. लालबागच्या नाक्यावर एका दुकानाच्या पायरीशी बसून ते स्टो दुरुस्त करू लागले. त्या राखणदाराच्या हाताला ते वखारीत जाऊन महिनाभर पट्टी बांधत होते, हेही मला दुसऱ्याकडूनच कळलं. माझ्याशी वागणं तेच. "काय टायमकीपर, आई बरी मां?" बाणाचा विषय नाही. मला त्यांनी शरमेचीही जागा दिली नाही. मी मात्र हळूहळू नाक्यावरून जाणं टाळू लागलो.

त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी. लालबागमध्ये मुंगीला वाट नव्हती. गुलाल, ढोल, घरोघर दिवे, आणि आभाळात बाणांवर बाण. सगळी गर्दी वर बघत होती. मीही. मग माझं लक्ष समोरच्या चाळीच्या कौलांवर गेलं. वळचणीपाशी शिडी लावून परब वर चढून बसले होते. शेजारी पाण्याची बालदी आणि भिजवलेली गोणपाटं. कौलांवर एखादी जळती काडी पडली की ते सरकत जात, ओलं गोणपाट टाकत आणि परत जागेवर येऊन बसत. खाली कुणाला पत्ता नव्हता. ते मजेत होते. तोंडाने घोषणेला साथही देत होते. मी हात वर केला. त्यांनी पाहिलं की नाही ठाऊक नाही, कारण तेवढ्यात पलीकडच्या पाख्यावर काहीतरी पडलं आणि ते तिकडे वळले.

पुढे ते गावी गेले. गेल्या वर्षी वारल्याचं कळलं. काशीवहिनी पुतण्याकडे लालबागला आल्या होत्या, तिथे भेटायला गेलो. खूप थकल्या आहेत. मला ओळखलं, जवळ बसवलं, "ह्यांचो तुमच्यार भारी जीव," म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "हात सोन्याचो तेंचो. पण एकदा चुकलो, आणि जल्मभर पुरलो."

मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा.

त्यांचा नवरा चुकला नव्हता, त्याने नेम बरोबर धरला होता आणि तो मी हलवला, हे सांगण्याचं देणं मी काशीवहिनींना लागतो. त्यांना वाचता येत नाही. म्हणजे हे लिहून ते फिटत नाही. त्या अजून लालबागलाच आहेत.